माप

दिब्ब्याच्या त्या दुकानात रबराचा वास एसीपेक्षा थंड होता.
आर्नेलनं प्लॅस्टिकचं स्टूल पुढे ओढलं,
माझ्याकडे पाहिलं, स्टूल परत ढकललं
आणि आतून लोखंडी पेटी आणली बसायला.
बोलला काहीच नाही.
तिथेच मला तो आवडला.

वजन? त्यानं विचारलं.
एकशे नऊ.
डॉक्टरांपुढेसुद्धा दोनेक किलो मी पदराखाली झाकते.
इथे आकडा हवा होता कमरेच्या शिशासाठी,
वाण्यानं विचारावं तसं, किती देऊ?

बायकांच्या फिन्स गुलाबी, मोरपंखी,
आणि चाळीस नंबरला संपलेल्या.
माझा पाय त्रेचाळीस, शिवाय आडवा पसरलेला.
(अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात.
पाय पाहून अंथरूण कुणी शिवल्याचं ऐकलं नाही.)

पहिली जोडी बंद टाचेची.
अंगठा आत गेला,
बाकीची चार बोटं दारातच ताटकळली.

दुसरी लांबलचक, पातं कडक, जणू वल्हंच.
तुम्हाला जोर लागेल, शेजारचं एक गिऱ्हाईक म्हणालं,
न विचारता.
आर्नेल मोडक्या हिंदीत म्हणाला,
जोर आहे मॅडमकडे. गुडघ्यांना विचारा.
गुडघ्यांना विचारलं.
त्यांनी अजमानच्या आमच्या बिल्डिंगची
आठ दिवस बंद असलेली लिफ्ट काढली.

आणि मला एकदम ते दुसरं माप आठवलं,
अंबाजोगाईच्या उंबऱ्यावरचं, काठोकाठ तांदळाचं.
उजव्या अंगठ्यानं, हळूच, सासूबाई म्हणाल्या.
देवाशपथ, हळूच लावला होता पाय.
पण ते घरंगळलं ते थेट माजघराच्या भिंतीपर्यंत,
तांदूळ देव्हाऱ्याखाली,
जोडवी आधीच सोनाराकडून चिरून आणलेली,
आणि मागून कुणीतरी: हत्तीण आली गं.
आधी एकच जण हसलं. मग सगळे.
त्या हसण्याला वळसा घालून
बावीस वर्षं मी हळू चालले.

तिसरी जोडी काळी, पुरुषांच्या फळीवरची.
आत बूट घालायचा, टाचेमागे स्प्रिंगचा पट्टा.
पातं आखूड, रुंद.
वाकवलं तर वाकतं,
सोडलं की थपकन जागेवर येतं,
सुनेसारखं नाही, नणंदेसारखं.
जड आहे हो, मी म्हटलं.
जडच पाहिजे, तो म्हणाला,
तुमचे पाय वर येतील. चरबी तरंगते.

चरबी तरंगते.
माझ्या चरबीबद्दल इतकं चांगलं वाक्य
आजवर कुणी उच्चारलं नव्हतं.
तीनशे दहा दिरहम मी घासाघीस न करता मोजले.
प्रमोदचा मेसेज आला, काय घेतलंस?
चपला, मी लिहिलं.

शुक्रवारी नावेच्या कडेवर उभी राहिले
तेव्हा नाव माझ्या बाजूला कलली. कलू दे.
लांब पाऊल टाका, आर्नेल म्हणाला,
लाजू नका, जितकं लांब तितकं बरं.
उजवा पाय उचलला.
कडेपलीकडे नुसतं हिरवं, हलणारं.

खाली गेल्यावर एकशे नऊ कुठे गेले कळलं नाही.
गुडघ्यातून नाही, मांडीपासून, शिकवलं होतं तसं
एकदाच पाय मारला,
आणि खडक माझ्याखालून सरकू लागला,
त्याच्यावरचे साळिंदरासारखे काटेगोळे, एक पिवळा मासा
ज्याला कुणाशीच काही देणंघेणं नव्हतं.
दुसऱ्यांदा पाय मारायची बराच वेळ गरज पडली नाही.

आता त्या दारापाशी वाळत आहेत,
गोड्या पाण्यानं धुतलेल्या, तरी कडेला मीठ.
शेजारची इनाया येते,
दोन्ही पाय एकाच फिनमध्ये घालून उभी राहते
आणि विचारते, आंटी, हे कुणाचे पाय?
मी कांदा चिरत असते.
माझे, म्हणते,
आणि माझा आवाज जरा मोठाच निघतो.